इवायांचं शापित जहाज

मी शाळेत विज्ञान शिकवतो आणि भुताखेतांवर माझा काडीचाही विश्वास नाही. हे आधीच सांगून ठेवलेलं बरं, कारण पुढची हकीकत वाचून तुमचा वेगळाच समज होण्याची शक्यता आहे. (घरच्यांचा झालाच आहे.)

सुरुवात करावी लागते ती माझ्या लहानपणच्या टीव्हीपासून. नागपुरातल्या आमच्या टिमकीच्या गल्लीत तेव्हा घरोघरी हातमाग होते आणि टीव्ही मात्र एकच होता. रविवारी त्यावर अंतराळातली एक मालिका लागायची. ती सुरू झाली की गल्लीतली मागांची खटखट बंद! पोरं तर पोरं, मोठी माणसंही माग सोडून येऊन बसायची. पुठ्ठ्याचे ग्रह, चांदीच्या कागदाचे कपडे आणि वरची दोरी स्पष्ट दिसत असूनही उडणारं यान! पण आम्हाला ते खरंच वाटायचं. त्यातली एक गोष्ट दोन रविवार चालली होती, ती शापित जहाजाची. अंतराळात एक काळं जहाज भटकत असतं. आत कोणी म्हणता कोणी नाही. ताटातलं जेवण गरम, पण जेवणारा गायब! आणि ते जहाज ज्याच्या जवळ जाईल त्याच्याकडचं एकेक बंद पडत जातं. आधी दिवे. मग पाणी. मग बोलायचं यंत्र. आणि सगळ्यात शेवटी कप्तानाचं डोकं! दुसऱ्या रविवारी तो कप्तान आपल्याच यानाशी तावातावानं भांडायला लागला, तेव्हा मी घाबरून आईच्या पदरात तोंड खुपसलं होतं. लहान होतो हो मी तेव्हा. (दहावीत असलो म्हणून काय झालं?)

आता एकदम गेल्या वर्षीपर्यंत या. आमची लेक प्राची इंजिनियर. तिनं ऑफिसातला निखिल स्वतःच पसंत करून ठेवला होता, त्यामुळे आमच्या वाट्याला फक्त मान डोलावायचं काम उरलं होतं. ते करायला मी आणि माझी बायको सुनंदा धरमपेठेत निखिलच्या घरी गेलो. निघताना प्राचीनं बजावलं, "बाबा, तिथं लेक्चर नका देऊ बरं."

"मी काहून लेक्चर देईन वं?" असं म्हणून मी निघालो, आणि त्यांच्या दाराला टांगलेलं लिंबू-मिरची पाहून उंबरठ्यावरच लेक्चर दिलं. लिंबातलं आम्ल, मिरचीतला तिखटपणा आणि माणसाच्या डोक्यातला अंधार, असं सगळं त्यात आलं. निखिलची आई पाण्याचा तांब्या हातात धरून शेवटपर्यंत ऐकत उभी राहिली. मग तिनं ते लिंबू-मिरची काढलं आणि आत गेली. पाणीही तिच्यासोबत आतच गेलं.

त्यानंतर बैठकीत जी शांतता पसरली, ती मी परीक्षेच्या हॉलमध्येही कधी अनुभवलेली नाही. निखिलचे वडील दिवाकरराव, म्हणजे आमचे होणारे इवाई (पुण्याकडे ज्याला व्याही म्हणतात ते), पंख्याकडे पाहत होते.

"उकडून राहिलं," ते म्हणाले.

"हाव, उकडून राहिलं," मी म्हणालो.

"पाणी येईल वाटते."

"येईल ना. नाही आलं तं मंग नाही येणार."

सुनंदानं मला टेबलाखालून चिमटा काढला. मी कळवळून वर पाहिलं, आणि समोरच्या कपाटावर मला ते दिसलं. काळं, लांबट, दोन्ही बाजूंना टोकदार पंख, मधे खिडक्यांची रांग.

"अरे बाप्पा!" मी ओरडलोच. "हे तं शापित जहाज!"

दिवाकरराव ताडकन उभे राहिले. "तुमाले माहीत आहे?"

"माहीत काय म्हणता! दुसऱ्या रविवारी कप्तान यानाशी भांडते..."

"...आनि मंग आरशात पाहून स्वतःलेच सॅल्यूट ठोकते!"

"आधी दिवे!" मी म्हणालो.

"मंग पाणी!"

"मंग बोलायचं यंत्र!"

"मंग कप्तानाचं डोकं!" हे आम्ही दोघांनी एकदमच ओरडून म्हटलं. निखिलची आई घाबरून बाहेर आली तेव्हा तिचा नवरा आणि होणारा इवाई एकमेकांचे हात धरून बैठकीत उड्या मारत होते. त्यानंतर मला पाणी मिळालं, सांबारवडी मिळाली (सांबार म्हणजे आमच्याकडे कोथिंबीर), आणि साक्षगंधाची (म्हणजे साखरपुड्याची) तारीखही तिथंच ठरली. पोळा झाल्यानंतरचा पहिला रविवार.

दिवाकररावांनी जहाज खाली काढून माझ्या मांडीवर ठेवलं. मी ते नीट पाहिलं. पंख म्हणजे हातमागाचे, आडवा धागा इकडून तिकडे नेणारे दोन धोटे होते. खिडक्यांची रांग म्हणजे फणीचा तुकडा, ज्यातून ताण्याचे धागे ओवतात ती फणी. मागची नळकांडी म्हणजे सुताच्या कांड्या.

"माझा बाप आयुष्यभर मागावर बसला," दिवाकरराव म्हणाले. "तो गेला, मंग मागही गेला. लाकूड सरपणात चाललं होतं, तं मी एवढं उचलून आणलं. हळूहळू जोडत गेलो. लोकं म्हणते म्हाताऱ्याचं खेळणं आहे. असू द्या. बापाचं एवढंच उरलं आहे गा माझ्याजवळ."

माझे वडीलही मागावरच गेले. आणि माझा स्वभाव असा आहे की बापाची आठवण आली की मी काहीतरी कबूल करून बसतो.

"याच्या खिडक्यांत दिवे पाहिजे!" मी म्हणालो. "मी लावून देतो. साक्षगंधाच्या दिवशी स्टेजवर असं लखलखलं पाहिजे! सायन्सचा मास्तर आहे मी, कोणी ऐरागैरा नाही."

दिवाकररावांच्या डोळ्यांत पाणी आलं. सुनंदाच्याही आलं, पण तिचं कारण वेगळं होतं. त्याच्या आदल्याच वर्षी मी घरची इस्त्री दुरुस्त केली होती.

तर जहाज आमच्या घरी आलं. त्याला दिवे बसवायचे, दिव्यांना तार जोडायची, आणि तिला स्वतंत्र बटन द्यायचं म्हणून मी थेट मीटरजवळचा मोठा बोर्डच उघडला.

"बाबा, इलेक्ट्रिशियनले बोलवा ना," प्राची म्हणाली.

"अवं, वीज मी शिकवतो पोट्ट्यायले! मले काय शिकवते?"

"शिकवणं वेगळं असते, बाबा."

मी तिच्याकडे लक्ष दिलं नाही. काही स्क्रू सैल केले, काही घट्ट केले, बटन दाबलं आणि काय सांगू! फणीच्या एकेका फटीतून उजेड असा झिरपला की अंगावर काटा आला. सुनंदासुद्धा "छान दिसून राहिलं" म्हणाली. (हे वाक्य तिनं माझ्या कामाबद्दल लग्नानंतर पहिल्यांदाच उच्चारलं होतं.)

दुसऱ्या दिवशी बैठकीतली ट्यूबलाइट गेली. ट्यूबलाइटच ती, जाणारच. मग स्वयंपाकघरातला बल्ब फट्कन फुटला. मग संडासातला. "कंपन्या आता पहिल्यासारखा माल बनवत नाही," मी म्हणालो. त्याच्या पुढच्या दिवशी मी डोक्याला साबण लावून बसलो असताना पाण्याची मोटर घर्र घर्र करून बंद पडली. मी तसाच फेसानिशी बाहेर आलो.

त्याच वेळी माझी थोरली बहीण इंदूताई पोळ्यासाठी कुहीहून आली. कुहीला तिची धानाची शेती आहे. दारात तांदळाची पिशवी ठेवून तिनं आधी फेसाळलेल्या भावाकडे पाहिलं आणि मग शोकेसवरच्या काळ्या जहाजाकडे.

"हे काय होय गा?"

"जहाज आहे, ताई. प्राचीच्या सासऱ्यानं बनवलं. आपल्या लहानपणी टीव्हीवर लागे ना, ते शापित जहाज."

"भुताचं?"

"हाव. पण ते टीव्हीतलं आहे."

"टीव्हीतलं भूत भूत नसते का?" इंदूताईनं विचारलं. "साक्षगंध तोंडावर आलं अन् हे घरात काहून आणून ठेवलं? काय काय बंद पडलं आतापावेतो?"

"काही नाही वं. दिवे गेले. अन् पाणी."

हे मी बोललो आणि बोलता बोलता थांबलो. आधी दिवे. मग पाणी. मी हसलो. जरा मोठ्यानंच हसलो. मग मी ताईला योगायोग म्हणजे काय ते नीट समजावून सांगितलं, आणि समजावून होईपर्यंत चार्जिंगला लावलेल्या माझ्या फोनमधून धूर निघायला लागला.

बोलायचं यंत्र!

आता मला सांगा, विज्ञानाच्या माणसानं अशा वेळी काय करावं? त्यानं शांत डोक्यानं कारण शोधावं. मीही शोधणारच होतो. पण पोळ्याच्या दिवशी पुरणपोळ्या लाटून झाल्यावर सुनंदा बाहेर आली आणि मला विचारू लागली, "कोणाशी बोलून राहिले?"

"कोणाशी म्हणजे? हा फ्रिज पाहा ना. मघापासून नुसता गुरगुरून राहिला. म्हटलं, बंद पडायचं असन तं पड एकदाचा, धमक्या कोणाले देतं बे?"

"तुमी फ्रिजशी भांडून राहिले?"

मी थिजलो. आपल्याच यानाशी भांडणारा कप्तान माझ्या डोळ्यांपुढे उभा राहिला. पदर जवळच होता, पण या वयात त्यात तोंड खुपसणं बरं दिसलं नसतं.

इथं नागपूरबाहेरच्या वाचकांसाठी थोडं सांगावं लागेल. आमच्याकडे पोळ्याला दारात पळसाची डहाळी ठेवतात. दुसऱ्या दिवशी सकाळी ती उचलून घराबाहेर टाकायची आणि ओरडायचं, "इडा, पिडा, ढेकूण, मच्छर, घेऊन जाय गे मारबत!" त्याच दिवशी काळी मारबत आणि पिवळी मारबत अशा दोन अवाढव्य बायांच्या पुतळ्यांची मिरवणूक निघते. त्यांच्यामागं गल्लोगल्लीचे बडगे निघतात. बडग्या म्हणजे त्या वर्षी लोकांना ज्याचा राग आला असेल त्याचा पुतळा. महागाईचा, मच्छरांचा, कोणाचाही. गावभर मिरवतात आणि शेवटी जाळतात. वर्षाची सगळी पीडा गेली!

दरवर्षी पोळा जवळ आला की मी वर्गात सांगतो की ही सामाजिक टीकेची लोकपरंपरा आहे, यात पीडा वगैरे काही जात नसते. त्या वर्षीही सांगितलं होतं, पण त्या दिवशी शाळेला सुट्टी होती. म्हणून सकाळी सगळे आत पोह्यांवर तर्री ओतण्यात गुंतले असताना मी गुपचूप जहाज उचललं, दारातल्या पळसाची एक डहाळी त्याच्या पंखाला बांधली, ते अंगणाच्या भिंतीवर नेऊन ठेवलं आणि इकडेतिकडे पाहून हळूच पुटपुटलो, "जे काही याच्यात असन ते घेऊन जाय गे मारबत. जहाज राहू दे."

बस, एवढंच. फक्त डहाळी लागावी, मारबतीच्या दिवसाची हवा लागावी आणि जहाज परत शोकेसवर! नुकसान काहीच नाही. (प्रयोग म्हणूनसुद्धा पाहता येईल.) मी आत गेलो, पोहे खाल्ले, अजून थोडी तर्री मागून घेतली, बाहेर आलो. भिंत रिकामी होती.

आता नागपुरात जन्मलेल्या माणसाला एवढं कळायला हवं होतं की मारबतीच्या सकाळी पळसाची डहाळी लावून बाहेर ठेवलेली वस्तू ही मारबतीचीच असते. ती कोणी चोरत नाही. ती लोक श्रद्धेनं उचलून नेतात! पण हे मला त्या रिकाम्या भिंतीपुढे उभं राहिल्यावर आठवलं.

"सुनंदा!" मी ओरडलो. "जहाज गेलं!"

"कुठी गेलं?"

"मारबतीत!"

"स्वतःहून?" इंदूताईनं विचारलं आणि हात जोडले.

मग मला सगळं सांगावं लागलं. सुनंदानं कपाळाला हात लावला. प्राची खुर्चीवर बसली आणि तिचे डोळे भरून आले. "बाबा, त्यांच्या वडिलांचा माग होता तो," एवढंच म्हणाली. पोरगी ओरडली असती तर मी काहीतरी उत्तर दिलं असतं. ती ओरडली नाही म्हणून मला धड उभंही राहवेना. चार दिवसांवर तिचं साक्षगंध, आणि मी तिच्या सासऱ्याचा बाप दुसऱ्यांदा सरपणात घातला होता.

तेवढ्यात सुनंदाचा फोन वाजला. माझा फोन जळालेला, त्यामुळे सगळे तिच्याच फोनवर बोलत. दिवाकरराव होते. "वहिनी, मी मारबत पाहायले निघालो बरं का. इतवारीतूनच तुमच्याकडे येतो. सरांले सांगा, लाइटवालं जहाज पाहायचं आहे!"

मी पायजमा-बनियनवर धावत सुटलो. समोरचे काका ओट्यावर दात घासत होते. "गुड्डूचे पोट्टे नेऊन राहिले होते काहीतरी काळंकाळं," त्यांनी सांगितलं. गुड्डू म्हणजे आमच्या गल्लीच्या बडग्या मंडळाचा अध्यक्ष, एकेकाळचा माझाच विद्यार्थी. (विज्ञानात तो तीनदा नापास झाला, पण भाषण फार छान करतो.)

मारबतीच्या दिवशी इतवारीत धावणं ही गोष्ट शक्य नसते. तिथं गर्दी तुम्हाला उचलते आणि तिच्या मनात येईल तिथं ठेवते. ढोल वाजत होते, पोरं नाचत होती, आणि मी "सरका गा! अर्जंट आहे!" करत घुसत होतो. एकानं मला बनियनवर पाहून बडग्याचा माणूस समजून वाट करून दिली. शेवटी लांबून मला आमच्या गल्लीची हातगाडी दिसली. त्या वर्षी बडग्या रस्त्यातल्या खड्ड्यांचा होता. ढेरपोट्या पुतळा, डोळ्यांवर काळा चष्मा, आणि त्याच्या मांडीवर दिवाकररावांचं जहाज! जहाजाच्या गळ्यात पाटी लटकत होती: "नागपूरच्या खड्ड्यांतून जाणारी एकच गाडी! खड्ड्यांले घेऊन जाय गे मारबत!"

"गुड्डू! थांब! ते जाळायचं नाही!" मी ओरडलो. ढोलांत कोण ऐकतो? मी चाकावर पाय दिला आणि गाडीवर चढलो. तेवढ्यात गाडी एका खऱ्या खड्ड्यात गेली. मी जो आदळलो तो थेट बडग्याच्या मांडीवर, जहाज छातीशी कवटाळून! पुतळ्याचा काळा चष्मा निसटून माझ्या नाकावर आला.

गुड्डूच्या हातात माईक होता. असा मोका तो सोडणार होता का? "आनि हे पाहा नागपूरकर! आमच्या मंडळातर्फे पहिल्यांदाच, जिवंत बडग्या!"

गर्दीनं टाळ्या पिटल्या. बाजूच्या गच्चीवरून कोणीतरी किंचाळलं, "अबे, हे तं सायन्सचे सर होय!" आणि मग जे सुरू झालं ते थांबेच ना. "सरांले घेऊन जाय गे मारबत! होमवर्कले घेऊन जाय गे मारबत! टेस्टले घेऊन जाय गे मारबत!" इतकी वर्षं शिकवतो आहे, पण वर्गाचा एवढा एकमुखी आवाज मी कधी ऐकला नव्हता.

आणि त्याच वेळी एका दुकानाच्या पायऱ्यांवर मला दिवाकरराव दिसले. ते माझ्याकडे पाहतच नव्हते. ते जहाजाकडे पाहत होते. गर्दीतून वाट काढत ते गाडीजवळ आले आणि त्यांनी वर पाहिलं.

"सर... तुमी जहाज मिरवायले आनलं?"

देवाशपथ सांगतो (देवावर विश्वास हा वेगळा विषय आहे), मला वाचायचा रस्ता समोर दिसला. "हाव!" मी म्हणालो.

"माझा बाप मले खांद्यावर बसवून इथंच मारबत दाखवे," ते म्हणाले आणि रडायलाच लागले. "आज त्याचाच माग मिरवणुकीत निघाला! मले हे कधी सुचलं नाही, सर. तुमाले सुचलं!"

मी नम्रपणे मान हलवली. आता गुड्डू गप्प बसला असता तर ही हकीकत इथंच संपली असती. पण गुड्डूलाही भरून आलं होतं, आणि माईक चालू होता.

"काका, सरांचं मन लय मोठं आहे!" तो म्हणाला. "सकाळीच पळसाची डहाळी बांधून त्याईनं हे भिंतीवर ठेवलं होतं. एवढं चांगलं सामान मारबतीले जाळाले देऊन टाकलं!"

"जाळाले?" दिवाकरराव म्हणाले. तेही माईकवरून सगळ्या इतवारीला ऐकू गेलं.

त्यांची नजर पंखाला बांधलेल्या डहाळीवर गेली. त्यांचा चेहरा एकदम उतरला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ढोलवाल्यांनाही काहीतरी कळलं असावं, कारण त्यांनी वाजवणं थांबवलं.

"काहून, सर?" त्यांनी हळूच विचारलं.

आता खोटं बोलण्यात अर्थ नव्हता. बडग्याच्या मांडीवर बसून फार खोटं बोलवतही नाही. "जाळाले नव्हतं दिलं, दिवाकरराव. इडा-पिडा काढाले ठेवलं होतं," मी म्हणालो. "जहाज आलं अन् घरातले दिवे गेले."

"मंग?"

"मंग पाणी. मोटर जळाली."

"मंग?"

"माझा फोन."

दिवाकररावांचे डोळे हळूहळू मोठे झाले. "त्याच क्रमानं?"

"त्याच क्रमानं."

"आनि सगळ्यात शेवटी?"

मी काळा चष्मा काढला, जहाज छातीशी धरलं आणि मान खाली घातली. "सगळ्यात शेवटी कप्तानाचं डोकं."

दिवाकरराव हसले. असे हसले की त्यांना गाडीचा आधार घ्यावा लागला. "अरे बाप्पा! इतके वर्षं मी हे बनवून राहिलो, अन् लोकं मले खेळणं म्हणून राहिले! माझी बायको त्याच्यावर फडके वाळू घालते! तुमी पहिले माणूस ज्याले हे खरं वाटलं! अन् तेही सायन्सचे मास्तर!" त्यांनी मला हात देऊन खाली उतरवलं आणि भर इतवारीत मिठी मारली. गर्दीनं आमच्याही नावानं "घेऊन जाय गे मारबत" केलं, पण त्यात आता प्रेम होतं.

जहाज एका कांडीपलीकडे काही गमावून बसलं नव्हतं. घरी आलो तर प्राची मोठा बोर्ड उघडून उभी. "बाबा, हे पाहा. आपलं कनेक्शन तीन फेजचं, अन् न्यूट्रलचा स्क्रू सैल. तुमीच सैल केला अन् घट्ट करायचं विसरले. त्याच्यानंच व्होल्टेज वाढलं अन् सगळं जळालं." सासऱ्याला जहाजासकट दारात पाहून तिनं हातातला स्क्रू ड्रायव्हर तिथंच टाकला आणि माझ्या गळ्यात पडली. मग पुन्हा उचलून स्क्रू घट्ट केला. इंदूताई मात्र म्हणाली, "स्क्रू सैल होता हे ठीक आहे. पण तो सैल करायची बुद्धी याले कोणी देल्ली?" आणि जहाजाकडे पाहून तिनं पुन्हा हात जोडले.

साक्षगंध थाटात झालं. जहाज स्टेजवर लखलखत होतं. (वायरिंग प्राचीनं केलं.) इहीनबाईंनी (म्हणजे निखिलच्या आईनं) मला आल्याबरोबर पाणी दिलं आणि सगळ्या पाहुण्यांसमोर गोड आवाजात विचारलं, "मंग सर, आमचं लिंबू-मिरची आता पुन्हा टांगू का?"

यंदाच्या मारबतीत आमच्या गल्लीचा बडग्या दिवाकररावांनी स्वतः बनवला. महिनाभर धरमपेठेतून येऊन खपत होते. पुतळ्याला बनियन होतं, पोट होतं, हातात खडू होता, आणि नाक तर असं हुबेहूब जमलं होतं की सुनंदानं दोनदा त्यालाच चहा विचारला. गळ्यात पाटी: "अंधश्रद्धा पसरवणाऱ्या सायन्सच्या मास्तराले घेऊन जाय गे मारबत!" हातगाडी ओढायचा मान मला होता. मी खिलाडूपणे हो म्हटलं. ही सामाजिक टीकेची लोकपरंपरा आहे, यात कोणाला काही होत नसतं, असं सगळ्यांना समजावूनही सांगितलं.

फक्त मिरवणूक निघायच्या आधी, कोणाचं लक्ष नाही असं पाहून, मी दारातली पळसाची एक डहाळी हळूच माझ्या त्या पुतळ्याच्या कमरेला खोचली. एवढं हुबेहूब झालं होतं, उगाच नजर लागायला नको!